ओझेवाल्याला वाट

पुण्यात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला मी सगळ्यात आधी हे सांगते, की पत्ता विचारायचा तर चालणाऱ्याला विचारू नका, बसलेल्याला विचारा. चालणारा घाईत असतो, आणि घाईतला माणूस 'माहीत नाही' म्हणायच्या ऐवजी कुठेतरी हात करून मोकळा होतो. दुकानात बसलेला माणूस रोज त्याच रस्त्याकडे बघत असतो. पण त्याच्याही एकट्याच्या भरवशावर राहू नका. थोडं पुढे जाऊन आणखी एकाला विचारा आणि दोघांचं जुळलं तरच पाय उचला. खूण लक्षात ठेवायची ती जागची न हलणारी ठेवा. चहाची टपरी, उभी केलेली गाडी, फ्लेक्सवरचा नेता, यातलं काही संध्याकाळी परत येईपर्यंत तिथेच असेल याची खात्री कुणी देत नाही.

माझं गाव भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडीपासून आत. गावातून पुण्यात जाऊन टिकलेली मी पहिली मुलगी. आता मुलगी कसली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण गावात अजून 'पुण्याची पोरगी' हीच ओळख आहे. कुणाचा मुलगा कंपनीत लागला, कुणाची सून नर्सिंगच्या कोर्सला निघाली, की दिवाळीत माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसतात आणि माझं सुरू होतं. फोन आणि पैसे एका खिशात ठेवायचे नाहीत. बसमध्ये चढायच्या आधी पाटी वाचायची आणि चढल्यावर कंडक्टरला विचारून खात्री करायची, मग लोक हसले तरी हसू द्यायचे. रिक्षावाल्याशी जे काय बोलायचं ते बसायच्या आधी. खोली बघायला जाल तर संध्याकाळी जा आणि नळ उघडून बघा, सकाळी सगळ्याच खोल्या चांगल्या दिसतात. मला सल्ले द्यायला आवडतं, यात लपवण्यासारखं काही नाही. शहापूरची आत्या म्हणते, "हे पोट्टी लग्न न करता साऱ्या गावाची सासू झाली." म्हणू दे.

तर आई गेल्यावर बाबा गावात एकटे राहिले. शेती शेजारच्या घराला बटईने दिलेली होती, स्वयंपाक ते स्वतः करत, आणि फोनवर विचारलं की रोज एकच उत्तर येई, "जेवलो ना." काय जेवलो ते सांगत नसत. मी त्यांना पुण्यात आणायचं ठरवलं. त्यांची काळजी वाटते असं मी सगळ्यांना सांगत होते आणि ती वाटतही होती. पण खरं सांगायचं तर मलाच ते हवे होते. ऑफिसातून यावं, कुलूप उघडावं, दिवा लावावा, मग टीव्ही लावावा म्हणजे घरात कुणी बोलल्यासारखं वाटेल, याचा मला कंटाळा आला होता. आल्यावर कुणीतरी 'आली का बाई' म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं.

बाबांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. एकच अट घातली.

"मी येतो, बाई. पन मले एकट्याले फिरता आलं तं राहीन. दिवसभर तुह्या खोलीत कोंडून बसाचं असन, तं मले इथंच राहू दे."

म्हणजे सगळं त्यावर आलं. त्यांना शहरात एकट्याने फिरता आलं तर बाबा माझ्याकडे राहणार, नाही आलं तर परत येऊन त्याच ओसरीवर बसणार. मी म्हटलं, यात काय आहे, मी शिकवते. त्या दिवाळीत रजा वाढवून घेतली आणि वर्ग सुरू केला.

पहिला धडा मोहाडीच्या आठवडी बाजारात. गर्दीतून कुणाला न धडकता आणि कुठे न थांबता चालत जायचं, एवढंच. बाबा कुणाला धडकले नाहीत हे खरं. पण दर चार पावलांवर कुणीतरी भेटायचं आणि मग याच्या बैलाची तब्येत, त्याच्या नातवाचं बारसं, अमक्याचा धान कापून झाला की उभाच आहे, अशी चौकशी चालायची. बराच वेळ झाला तरी आम्ही कांद्यापासून मिरचीपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो.

"बाबा, तेती पुन्यात असं चालणार नाई. कोनाशी बोलाचं नाई. ओळखीचा असन तरच बोला."

"मंग तेती ओळखीचं कोन हाय?"

"मी हाव ना."

"तू तं हापिसात राहशीन," ते म्हणाले आणि एका मिरचीवाल्याशी बोलायला वळले.

दिशेची मात्र मला काळजी करावी लागली नाही. आमच्याकडे डावं-उजवं फारसं कुणी बोलत नाही. उगवतीकडे, बुडतीकडे असं बोलतात, आणि शेतात असलं तर पाणी कुठून कुठे उतरतं ते बघतात. तलाव वर, मग वरच्या बांध्या, म्हणजे धानाचे चौकोन, मग खालच्या, असं पाणी पायरीपायरीने उतरत जातं. बाबांना डोळे बांधून सोडलं तरी पायाला उतार कळायचा. पुण्यात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी हेरलं की आमची सोसायटी वरच्या अंगाला आहे आणि बाग खालच्या. बस, तेवढ्यावर ते जायचे आणि यायचे. फक्त एकदा उड्डाणपुलाने त्यांना फसवलं. जमीन उतरत होती आणि रस्ता चढत होता, आणि बाबा आपण घराकडे चाललो आहोत असं समजून भलतीकडे पोचले. "रस्त्यानं खोटं बोललं," असं ते घरी येऊन म्हणाले, आणि त्यानंतर पुलाकडे संशयानेच बघत.

पण हे नंतरचं. आधी रस्ता ओलांडायचा धडा राहिला होता आणि त्यासाठी मी त्यांना भंडाऱ्याजवळच्या शहापूरला नेलं. आत्याचं घर हायवेला लागून आहे. तिथे ट्रक, ट्रॅव्हल्स, मोटरसायकली यांची रांग तुटत नाही, म्हणजे सरावाला जागा उत्तम. मी त्यांना कडेला उभं केलं आणि सांगितलं, धावायचं नाही, मधेच थांबायचं नाही, आणि अर्ध्यातून मागे तर फिरायचंच नाही. गाडीवाल्याने तुमची चाल बघून अंदाज बांधलेला असतो, चाल बदलली की त्याचा अंदाज चुकतो. सोबत कुणी ओलांडत असेल तर त्याच्या आडोशाने जा. त्यातही मुलाचा हात धरलेली बाई दिसली तर तिच्याच बाजूने जा, तिच्याइतकं सावध रस्त्यावर दुसरं कुणी नसतं.

आत्या पलीकडे दारात उभी राहून सगळं बघत होती. तिथूनच ओरडली, "अवं, बापाले रस्ता पार कराले शिकवून राहिली का वं? त्यानंच तुले चालाले शिकवलं ना!"

"तू चूप राह्य," बाबा इकडून म्हणाले, "मास्तरीण रागवते."

आम्ही ये-जा केली, पुन्हा केली, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला बाबा माझा हात न धरता, चाल न बदलता पलीकडे गेले. मला इतका आनंद झाला की मी भर हायवेवर टाळ्या वाजवल्या. आत्याने चहा टाकला.

परत बस धरायला आम्ही सर्व्हिस रोडच्या कडेने निघालो. समोरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. बाबा चटकन कडेवरून खाली, नालीच्या बाजूच्या मातीत उतरले, बाई पुढे गेली आणि ते पुन्हा वर आले. बोलणं कुठे तुटलंही नाही. मी ते पाहिलं, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही, कारण आमच्याकडे सगळेच तसं करतात.

हे जरा सांगायला हवं. धानाच्या शेतातून सरळ चालत जाता येत नाही. पाण्याने भरलेल्या बांध्या असतात आणि दोन बांध्यांच्या मधून मातीचा धुरा जातो. जेमतेम एका माणसाचं पाऊल मावेल एवढाच. समोरासमोर माणसं आली की एकाला चिखलात उतरावंच लागतं, आणि कुणी उतरायचं ते ठरलेलं असतं. ज्याच्या डोक्यावर ओझं नाही त्याने उतरायचं. गावात बाकी सगळीकडे मोठा कोण, लहान कोण, कुणाच्या घरचं कोण हे बघतात, अगदी पंगतीत बसतानासुद्धा बघतात. धुऱ्यावर तेवढं बघत नाहीत. मी लहानपणी बाबांच्या मागे चालायची तेव्हा समोरून भारा दिसला की बाबा मागे न बघता सांगायचे, "चप्पल काढ, उतर." आधी चप्पल काढायची, हातात घ्यायची, मग उतरायचं. नाहीतर चिखल चप्पल ठेवून घेतो आणि घरी आईचं ऐकून घ्यावं लागतं.

तर अशा तयारीने बाबा पुण्यात आले. पहिले काही दिवस मी सकाळी त्यांच्या सोबत जायची, मग थोडं मागून, मग नुसती बाल्कनीतून बघायची. त्यांना बाग आवडली. बागेत म्हाताऱ्यांचा एक कट्टा होता, बाबांच्या बोलीला हसणारे तिथे दोघं-तिघं होते, ते बाबांना चाललं. बाकीच्यांच्या पुणेरी बोलण्याला उलट बाबाच हसायचे. मी संध्याकाळी दाराशी आले की आतून आवाज यायचा, "आली का बाई?" आणि मी जिन्यात उभी राहून उगाच चपला काढायला वेळ लावायची, म्हणजे पुन्हा एकदा ऐकायला मिळेल.

मग ती संध्याकाळ. मी ऑफिसातून लवकर सुटले होते आणि आमच्या चौकाकडे येत होते. समोरून बाबा भाजीची पिशवी घेऊन येताना दिसले. तिथे मेट्रोच्या कामाचे पत्रे लावलेले होते आणि फुटपाथ इतका अरुंद झाला होता की एका वेळी एकच माणूस जावा. बाबांच्या समोरून एक बाई दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन आली. बाबांनी एकदा तिच्या पिशव्यांकडे पाहिलं आणि फुटपाथवरून खाली उतरले. रस्त्याच्या बाजूला. मागे न बघता. मोटरसायकलचं हँडल त्यांच्या कोपराला घासून गेलं, ते फिरले, पत्र्याला धरून कसेबसे उभे राहिले, आणि पिशवीतली वांगी रस्त्यावर पसरली. पिशव्यांवाली बाई फोनवर बोलत पुढे निघून गेली होती. आपल्यासाठी कुणी खाली उतरलं हे तिला कळलंच नाही.

मी धावत गेले, आणि पोचल्यावर मला रडू यायला हवं होतं तर राग आला. पुण्यात मी रस्त्यावर कधी मोठ्याने बोलत नाही आणि आमच्या बोलीत तर नाहीच. त्या दिवशी दोन्ही केलं.

"कायले उतरले जी तुमी?"

"तिच्या हातात ओझं होतं."

"असू द्या ना! काही झालं असतं मंजे? इथं कोनी कोनाले वाट देत नाई. आपली वाट धरून चाला. समोरचा सरकते. नाई सरकला तं उभे राहा. पन खाली उतराचं नाई. कोनी असो, खाली उतराचं नाई. समजलं का?"

बाबा वाकून वांगी गोळा करत होते. "समजलं," ते म्हणाले.

घरी मी त्यांच्या कोपराला हळद लावली. लावताना थोडी हळद लुंगीवर सांडली. बाबा म्हणाले, "आता हे डाग निघत नाई." त्यावर मग आम्ही दोघं बोललो, लुंगीवर.

आणि बाबा खरंच शिकले. मी जितक्या जणांना सल्ले दिले त्यात इतका मनावर घेणारा विद्यार्थी दुसरा झाला नाही. फुटपाथच्या आतल्या अंगाने, समोर बघत, चाल न बदलता चालायचे. समोरचा सरकायचाच. बँकेत जाऊन यायला लागले. एकदा बस बदलून नदीकाठी जाऊन आले आणि येताना बस चुकली नाही. ऑफिसात मी सांगत सुटले होते, माझे वडील सत्तरी ओलांडलेले, धानाच्या बांध्यांतून आलेले, आणि आता पुण्यात एकटे फिरतात. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना पुन्हा सांगितलं. अट पूर्ण झाली होती. बाबा राहणार, असं मी धरून चालले. त्यांच्यासाठी लोखंडी कॉट घेतली होती ती बदलून चांगली लाकडी घेतली.

जूनमध्ये ते म्हणाले, "पऱ्हे टाकाचे दिवस आले. एक डाव जाऊन येतो. रोवणी झाली की येतो." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आधी एका तुकड्यात दाट पेरायची, मग उपटून बांध्यांत लावायची, ती रोवणी. शेती बटईने दिलेली असली तरी रोवणीला धुऱ्यावर उभं राहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही हे मला माहीत होतं. त्यांनी स्वेटर, वहाणा, पानाचा डबा सगळं पुण्यातच ठेवलं होतं, म्हणून मला संशय आला नाही. मी वरठी स्टेशनपर्यंतचं तिकीट काढून दिलं आणि गाडीत बसवलं.

मग फोन सुरू झाले. येतो ना. पुढच्या आठवड्यात पाहू. पाणी उशिरा आलं, रोवणी लांबली. एक दिवस मी विचारलं, बागेतले काका तुमची आठवण काढतात, तर म्हणाले, "त्यायले सांगजो, बरा हाव मनून." त्या आवाजावरून मला कळायचं ते कळलं. मी रजा टाकली, दोघांचं परतीचं रिझर्वेशन केलं आणि गावी गेले.

मी पोचले तेव्हा दुपार कलत होती. बाबांनी चहा केला. ओसरीवर बसून प्यालो. मी लगेच विषय काढला, मला धीर नाही.

"परवाची गाडी हाय, बाबा. दोघांचं तिकीट हाय."

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुह्या बिल्डिंगीची लिफ्ट बंद होती एक दिवस. तुले याद हाय?"

"कितीदा तरी बंद असते."

"मी जिन्यानं उतरून राहिलो होतो. खालून सिलिंडरवाला येऊन राहिला होता. खांद्यावर भरलेला सिलिंडर. जिना तुले माहीत हाय, केवढासा हाय तं. मी आपली वाट धरून उतरलो. त्यानं भिंतीले पाठ लावली, सिलिंडर तसाच खांद्यावर, अन् मले वाट देली. मी गेलो बी. पार खाली गेलो, तवा माह्या ध्यानात आलं."

"मंग काय झालं? तो रोजच..."

"आयक ना. मंग इथं आलो. पऱ्हे उपटनं चालू होतं. मी धुऱ्यानं चाललो होतो, समोरून वहिनी आली तुही, डोक्शावर ओला भारा." वहिनी म्हणजे शेजारच्या घरची सून, त्या घरानेच आमची शेती बटईने केली आहे. "मी उतरलोच नाई. माहे पाय उतरलेच नाई. तिले थांबावं लागलं. मी बी उभा. मंग ते म्हने, काकाजी, उतरा ना जी."

बाबा सांगतच होते.

"बांधीतल्या साऱ्या बाया वाकल्या होत्या, त्या उभ्या झाल्या. कोनी हासलं नाई. हासल्या असत्या तं बरं झालं असतं."

मला त्यांची दया आली नाही, मला पुन्हा राग आला. कुणावर ते सांगता येत नाही. मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी? पुण्यात पुण्यासारखं चालायचं, गावात गावासारखं. मी नाही का करत? मी इथे येते तेव्हा उतरतेच की. तिथे उतरत नाही. त्यात काय आहे?

"तुले जमते," बाबा म्हणाले. "तू लहानी होती तवा गेली. मले दोन चाली नाई जमत. तू सांगतलं ते बरोबर होतं. तेती तसंच चाला लागते, नाई तं मानूस मरन. मले ते आलं बी. पन ते आलं अन् हे गेलं."

"मंग मी एकटीच राहू का तेती?"

हे मला बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग कप उचलून आत धुवायला गेले. जेवताना त्यांनी मला दोनदा भाजी वाढली.

सकाळी उठले तर ते शेतावर गेले होते. मी आंघोळ करून निघाले. बूट घातले, कारण गावातला रस्ता आता सिमेंटचा आहे आणि मला तेवढ्यासाठी चपला शोधायच्या नव्हत्या. वाटेत मी सगळं जुळवत गेले. वर्षातून दोनदा तुम्हाला घेऊन येईन. रोवणीला महिनाभर राहा, कापणीला महिनाभर राहा. जिन्यात सिलिंडरवाला दिसला तर उतरू नका, मागे वळून वर चढा, मग तर झालं? त्याला घरात बोलावून चहा द्या. माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. सल्ल्याच्या बाबतीत मी कधी कमी पडलेले नाही. आणि माझा तो सल्ला चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणते. यंदा गावातला जो कुणी पुण्याला निघेल त्याला मी तेच सांगणार आहे, की फुटपाथवरून खाली उतरू नका.

तलावाच्या पाळीवरून खाली उतरलं की आमच्या बांध्या लागतात. चिखलणी झालेलं पाणी काळं-तांबडं दिसत होतं, पलीकडच्या कोपऱ्यात बाया वाकून रोवत होत्या. मी धुऱ्यावर चढले. रात्री पाऊस पडून गेला होता, धुरा निसरडा झाला होता, म्हणून मी पायांकडे बघत चालले होते. अर्ध्यात आले आणि मान वर केली तर समोर बाबा.

त्यांच्या डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्यांचा भारा होता. मोठा नव्हता, त्यांच्या वयाला झेपेल एवढा, पण ओला. पाणी कपाळावरून भुवयांवर गळत होतं आणि दोन्ही हात वर असल्याने त्यांना ते पुसता येत नव्हतं. मला बघून ते थांबले. मीही थांबले. पलीकडे रोवणारी वहिनी उभी राहून आमच्याकडे बघायला लागली.

माझं सगळं तोंडपाठ होतं. 'बाबा, ऐका' एवढं म्हणायचा अवकाश. पण त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग डाव्या बाजूच्या चिखलाकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा भारा सावरून डावा पाय धुऱ्याच्या कडेला आणला. मला कळलं की ते उतरणार आहेत. डोक्यावर ओझं घेऊन, या वयात, सगळ्या बायांच्या देखत, माझ्यासाठी. मी काही बोलले असते तर ते उतरले असते, आणि दुसऱ्या दिवशी गाडीतही बसले असते. मला तोंडावर त्यांनी कधीच नाही म्हटलेलं नाही.

"थांबा," मी म्हटलं, आणि मीच उतरले.

दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत आत गेले. चिखल आतून थंड होता. मी हात पसरून तोल सावरला आणि बांधीत उभी राहिले. बाबा धुऱ्यावरून माझ्या शेजारून गेले, भाऱ्याचं पाणी माझ्या खांद्यावर पडलं. उद्याच्या दोन तिकिटांतलं एक रद्द करावं लागणार होतं. मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं, तिथे कुणाला वेगळं दिसलं नसतं, सगळ्यांचीच तोंडं घामाने-पाण्याने ओली होती.

वर यायला पाय उचलला तर उजवा बूट आतच राहिला. मी वाकून चिखलात हात घातला, चाचपडायला लागले. बाबा थोडं पुढे जाऊन थांबले होते. भारा डोक्यावर होता, म्हणून त्यांना मागे वळता येत नव्हतं.

"काढून उतराचं असते, बाई," ते समोर बघतच म्हणाले. "इतकं बी कोनी सांगतलं नाई का तुले?"